काहिलीतून कानगाव

कासुर्डीच्या सत्तार शेखला वाकडं लोखंड सरळ करता येई; सरळ काम मात्र त्याच्या हातून कधी सरळ झालं नाही. यवतपासून चौफुल्यापर्यंत आणि तिथून खाली नदीकाठापर्यंत जेवढी गुऱ्हाळं होती, त्यांतल्या बहुतेकांच्या काहिलींना त्याच्या हातचं ठिगळ होतं. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची अवाढव्य लोखंडी कढई. चार माणसं पाय पसरून झोपतील एवढी. हंगामभर ती चुलवाणावर जळते, तळ पातळ होतो, रस झिरपायला लागतो, आणि मग सत्तारला निरोप जातो.

तो यायचा, काहिलीखाली आडवा व्हायचा, बोटाच्या पेराने टकटक करून तळ ऐकायचा आणि काळा चष्मा लावून दिवसभर निमूट काम करायचा. संध्याकाळी चष्मा काढला, की त्याच्या अंगात यायचं. एकदा गूळ शिजवणारा भिमा गुळव्या जेवणाचा डबा बाजूला ठेवून हातपाय धुवायला गेला. तेवढ्या वेळात सत्तारनं डब्याच्या झाकणाला तीन ठिकाणी टाके मारले. भिमा म्हणजे उकळत्या रसाचा चटका लागला तरी ‘स्स’ न करणारा गडी. त्यानं डबा गुडघ्यात धरला, दगडावर आपटला, शेवटी दोघा मजुरांना दोन बाजूंनी ओढायला लावलं. सत्तार समोर बसून म्हणाला, “वहिनींनी भाकरी लई प्रेमानं भरलेली दिसतीय. सुटंना.”

सत्तारचा बाप कल्हईवाला होता. भाता पाठीला मारून गावोगाव फिरायचा. पुढं घराघरांत स्टीलची भांडी आली आणि पितळेबरोबर कल्हईही माळ्यावर जाऊन बसली. बापानं पोराला चौफुल्याच्या एका गॅरेजवाल्या सरदारजीकडे नेऊन सोडलं. सरदारजीनं त्याला वेल्डिंग शिकवलं, ट्रकखाली झोपायला शिकवलं आणि शिव्या शिकवल्या. शिव्या त्याला पहिल्या आठवड्यात आल्या, बाकीचं यायला दोन वर्षं लागली. मग लग्न झालं, रशिदा घरात आली, अनिस झाला, शायना झाली. अनिस मोठा होऊन कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला लागला. सत्तारच्या कानामागचे केस पांढरे झाले. पण कुणाच्या सायकलीची घंटी काढून दुसऱ्याच्या म्हशीच्या गळ्यात बांधायची खोड काही गेली नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की त्या ऑक्टोबरात त्यानं जे केलं ते ऐकून त्याला ओळखणाऱ्या एकालाही नवल वाटलं नाही.

कानगावच्या शिवारात, अगदी नदीला लागून, आनंदरावांचं गुऱ्हाळ होतं. त्यांची जुनी काहील पार खपली होती. नानगावला एक गुऱ्हाळ बंद पडलं, तिथली काहील त्यांनी विकत घेतली. तिच्या तळाला दोन ठिकाणी भोकं होती. सत्तारनं नानगावच्या काठावर दोन दिवस बसून ती बुजवली. आनंदराव रोज मोटारसायकलवरून येऊन बघायचे. माणूस मनानं चांगला, पण जीव सुपारीएवढा.

“सत्तार, वरखडा न्हाई आला पायजे बरं का.”

“न्हाई येत, आबा.”

“परवा पूजा हाय. चुलवाण पेटवायचं हाय. उद्या दिवस मावळायच्या आत काहील जाग्यावर पायजे.”

“पोचली समजा. टेम्पो सांगितलाय.”

टेम्पो त्यानं खरंच सांगितला होता. टेम्पोवाला सकाळी आला, काहिलीभोवती एक चक्कर मारली आणि हसला. काहील टेम्पोपेक्षा हातभर रुंद होती. शिवाय परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. आनंदरावांच्या गुऱ्हाळाकडे उतरणाऱ्या पाणंदीत, दोन्ही बाजूंच्या उसाच्या मधोमध, एक ट्रॅक्टर चाकं रुतवून बसला होता. “त्यो ट्रॅक्टर निघाला की सांगा,” म्हणून टेम्पोवाला गेला.

सत्तार काठावर उकिडवा बसला. समोर भीमा भरून चालली होती. पुण्याचं पाणी वरच्या अंगाला मिळून आलेलं, त्यामुळं कडेला थोडा फेस, मधूनमधून जलपर्णीची हिरवी बेटं. पाणी आपल्या चालीनं कानगावकडेच निघालं होतं. त्याला ना चिखल आडवा येत होता, ना ट्रॅक्टर.

“भिमा,” सत्तार म्हणाला, “आजवर आपण काहिलीच्या आत पानी वतून बाहेर येतंय का बघितलं. आज पानी बाहेर ठिवून आत येतंय का बघू.”

भिमा हा आनंदरावांचाच गुळव्या. काहिलीवर डोळा ठेवायला त्यांनी त्याला मुद्दाम धाडलं होतं. तो दोन पावलं मागे सरला. “आबांनी मला काहिलीबरूबर यायला सांगितलंय. काहिलीतनं न्हाई.”

“बरूबर म्हंजी आत आलंच की.”

“मला पवता येत न्हाई.”

“आरं, तुझं नाव भिमा, नदीचं नाव भीमा. ती नावावाल्याला बुडवती व्हय?”

तेवढ्यात केडगावचा प्रभुदास लुनावरून आला. प्रभुदास एसटीत कंडक्टर, दौंड डेपोला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि काहील चढवायला हात लागतील म्हणून सत्तारनं आदल्या रात्रीच त्याच्या शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला होता : ‘नानगावला ये.’ रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा, ड्युटीवर कडक इस्त्रीचा खाकी घालणारा हा माणूस सत्तारच्या ‘ये’ला कधी ‘का’ विचारत नसे. त्याने काहिलीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले.

“स्टँडिंग किती घ्यायचे?” एवढंच त्यानं विचारलं.

गावातल्या चार गड्यांनी हात लावून काहील पाण्यात लोटली. ती तरंगली. सत्तार आत चढला, तळाच्या दोन्ही ठिगळांवर तळहात फिरवला. कोरडे. त्याचा चेहरा असा काही खुलला, की गड्यांनी आपसूक टाळ्या वाजवल्या. मग प्रभुदास चढला. भिमानं शेजारच्या गोठ्यातून तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन आणून काथ्यानं पाठीला बांधले आणि डोळे मिटून आत पाय टाकला. त्याच्या वजनानं काहील एका अंगाला अशी कलली, की प्रभुदास घसरत येऊन त्याच्या मांडीवर बसला.

वल्ही म्हणून रस ढवळायची लांब दांड्याची दोन लाकडी फावडी घेतली होती. एक भिमाकडे, एक सत्तारकडे. प्रभुदासनं तोंडानं “टिंग टिंग” केलं आणि गाडी सुटली.

सुटली, पण कुठं? काहिलीला पुढं नाही, मागं नाही. सत्तारनं उजवीकडे फावडं मारलं, काहील गर्रकन फिरली. भिमानं घाबरून उलट मारलं, ती उलटी फिरली. मग दोघांनी एकदमच जोर केला आणि ती भोवऱ्यासारखी फिरू लागली. घडीत समोर दौंड तालुका यायचा, घडीत शिरूर. नानगावचं देऊळ तीनदा डोळ्यांपुढून गेलं आणि काठावरचे गडी पोटं धरून खाली बसले.

“सत्तारभाई, मला उतरू दे,” भिमा म्हणाला. त्याचे डोळे फिरायला लागले होते.

“पुढच्या स्टॉपला,” प्रभुदास म्हणाला. “मधी गाडी थांबत न्हाई.”

तासाभरानं त्यांना एक युक्ती सापडली. प्रभुदासनं मध्ये बसून “एक, एक, एक” म्हणत ताल धरायचा आणि दोघांनी समोरासमोर बसून त्या तालावर एकदम फावडं ओढायचं. प्रभुदासला मोजण्याचा कंटाळा आला तेव्हा त्यानं प्रार्थनेची एक चाल धरली. ती चाल मूळची संथ होती, पण काहिलीला ती मानवली. सत्तारलाही ती येत होती. दर नाताळाला तो केडगावला केक खायला जायचा आणि केकच्या आधी गाणी ऐकावीच लागायची. दोघांनी सूर लावला. भिमाला शब्द येत नव्हते, तो नुसता “हूंऽ हूंऽ” करत ओढत होता. काठावरच्या पाण्याच्या मोटारी मागे पडायला लागल्या. ऊस उंच, हिरवागार, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकलेला. एक खंड्या पाइपावरून उडाला आणि त्यांच्या पुढे पुढे जाऊन बसू लागला. ऊन चढलं तसं लोखंड तापायला लागलं, तेव्हा सत्तार ओंजळीनं पाणी घेऊन आतून शिंपडायचा आणि त्यातलं निम्मं न चुकता भिमाच्या मानेवर पडायचं.

एका वळणावर बायका धुणं धूत होत्या. प्रभुदासच्या अंगातला कंडक्टर उठला. हाताचा कर्णा करून तो ओरडला, “चलाऽ, मांडवगण, कानगाव, दौंड! पुढं जागा हाय!”

बायका ओरडून हसल्या. पण त्यांच्या पलीकडे, बाभळीच्या सावलीत, एक म्हातारी गाठोडं आणि शेळी घेऊन बसली होती. ती हसली नाही. ती उठली, लुगडं वर खोचलं आणि शेळीचं दावं धरून सरळ गुडघाभर पाण्यात आली.

“मांडवगणला घ्या,” ती म्हणाली. “होडीवाला सकाळधरनं फिरकला न्हाई मेला.”

तिघे एकमेकांकडे बघू लागले. प्रभुदास हळूच म्हणाला, “आज्जे, आवं गंमत केली म्या.”

“गंमत कसली? नाव घेऊन वराडलास न्हवं? मग घे. आन् शेळीला आधी धर, ती भित्री हाय.”

म्हातारीचं नाव कुशाबाई. तिची लेक भागुबाई पलीकडे मांडवगणला दिलेली. तिच्या घरी बाळ झालं होतं आणि ही शेळी त्या बाळाच्या दुधासाठी निघाली होती. शेळीला सत्तारनं उचलून आत घेतलं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आपली जागा म्हणून नेमकं मधलं ठिगळ निवडलं. कुशाबाई कडेला टेकून बसली आणि बसल्या क्षणापासून गाडीचा ताबा तिच्याकडे गेला.

“त्यो मोठा, कॅनवाला, तिकडं सरक. एकांगी झालीय सगळी. आन् तू रं, गाणं म्हणनाऱ्या, थांबलास का?”

“आज्जे, वल्हवता येतंय का तुम्हाला?” सत्तारनं विचारलं.

“न्हाई. पर बशिवता येतंय.”

दुपारच्याला प्रवाह संथ झाला, तिथं त्यांनी फावडी वर घेतली. कुशाबाईनं गाठोडं सोडलं. लेकीसाठी नेलेल्या बाजरीच्या भाकरी, तिळाची चटणी, भाजलेल्या शेंगा. भिमानं आपला डबा काढला, आधी झाकण चाचपून पाहिलं आणि मग सत्तारकडे पाठ करून उघडला. त्यात वांग्याचं भरीत होतं. प्रभुदासच्या बायकोनं, मरियमनं, अंडी उकडून दिली होती. नदीच्या मधोमध, हळूहळू स्वतःभोवती फिरत, ते चौघं जेवले. प्रत्येकाच्या पाठीमागं आळीपाळीनं दोन्ही तालुके येऊन जात होते.

“ह्ये असल्यावर एसटी कशाला करायची?” भिमा भाकरी मोडत म्हणाला. काहिलीत बसल्यापासून तो पहिल्यांदाच न घाबरता बोलला. पाठीचे कॅन मात्र त्यानं सोडले नव्हते.

शेळीनं या वेळात प्रभुदासच्या सदऱ्याचा खिसा चावून सैल केला होता आणि काहिलीच्या तळावर आपली खूणही ठेवली होती. कुशाबाईनं ती पायानं एका बाजूला लोटली. “राहू द्या. खत हाय.”

उन्हं कलायला लागली तेव्हा पुढं बंधारा दिसला. नदीभर दगडी खांबांची रांग, वरून चालायला अरुंद वाट. ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, अजून बसवलेले नव्हते, त्यामुळं खांबांच्या फटींतून पाणी जोरात पलीकडे पळत होतं. जवळ गेल्यावर सत्तारच्या ध्यानात आलं, की फटी अरुंद आहेत आणि काहील रुंद. तोवर पाण्यानं ओढ घेतली होती.

“ब्रेक!” प्रभुदास ओरडला.

“कशाचा ब्रेक?” सत्तार ओरडला.

धाडकन आवाज झाला. काहील दोन खांबांना टेकून फटीच्या तोंडावर झाकणासारखी बसली. मागून पाणी चढायला लागलं. भिमानं एका खांबाला मिठी मारली आणि ती सोडायला तो तयार होईना. पण कुशाबाईनं शांतपणे शेळीला वरच्या दगडावर चढवलं, गाठोडं चढवलं, सत्तारच्या खांद्यावर पाय देऊन स्वतः चढली आणि बंधाऱ्यावरच्या वाटेनं पलीकडे चालू लागली. मांडवगणच्या बाजूला.

सत्तार तोंड उघडं टाकून बघत राहिला. “आज्जे! आवं, हितनं चालत जाता येतंय की!”

“येतंय की,” मागे न बघता कुशाबाई म्हणाली. “रोजच जातीय.”

“मग आमच्यात कशाला बसलात?”

आता ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. “बंधाऱ्यापतूर चालायला लागत न्हाई व्हय? फुकट गाडी दारात आल्यावर कोन चालंल? शेंगा राह्यल्यात, खावा तुम्ही.” आणि शेळीला पुढे घालून ती निघून गेली.

प्रभुदास हसून हसून पाण्यात पडायचा राहिला. उभ्या जन्मात दुसऱ्यांना टोप्या घालणाऱ्या सत्तारला एका म्हातारीनं बसल्या जागी टोपी घातली होती. मग तोही हसला. हसताना त्याला जाणवलं, की आपण फार दिवसांत असं हसलो नाही. नेहमी आपण हसवतो आणि बघत बसतो.

काहील आता काढायची होती. बंधाऱ्यावर मासे धरणारे तीन-चार जण मदतीला आले. दोर लावून, कड्यांना धरून त्यांनी तिला दौंडच्या काठावर ओढली. आता बंधारा वळसा घालून तिला खालच्या अंगाला न्यायची. उचलणं शक्य नव्हतं. सत्तारनं तोड काढली : “उभी करा. चाकावानी गडगडत न्यू.”

भिमाला आनंदरावांचे शब्द आठवले. “सत्तारभाई, वरखडा...”

“माती मऊ हाय रं.”

काहील उभी केली. दोन्ही बाजूंनी माणसं लागली. थोडं अंतर ती गुणानं चालली. पुढं उतार लागला. उतारावर माणसांचे पाय घसरायला लागले आणि काहिलीचा मात्र पाय सुटला. प्रभुदासच्या हातातली कडी निसटली. सत्तारनं अंग टाकलं, पण ते मातीत पडलं. गडगडत, डुलत, वाटेतलं एक एरंडाचं झुडूप आडवं करत ती उतरली, काठावरून उडाली आणि पाण्यात पडताना अशी काही बेतानं उताणी पडली, की मासे धरणाऱ्यांपैकी एकजण “वाऽ!” म्हणाला.

बंधाऱ्याखालच्या जोरदार धारेनं तिला लगेच उचललं. आत कुणी नाही. कडीला अडकवलेला भिमाचा डबा आणि आतल्या चिखलात चिकटून राहिलेली प्रभुदासची डाव्या पायातली चप्पल, थोड्या शेंगा आणि शेळीची खूण एवढा ऐवज घेऊन काहील कानगावकडे निघाली.

“आबा मला जित्ता सोडत न्हाईत,” भिमा म्हणाला आणि पळत सुटला. पाठीवर कॅन ढबढब वाजत होते. त्याच्यामागं एका चपलेनं लंगडत प्रभुदास, आणि सगळ्यांत मागं अंगभर चिखल झालेला सत्तार. काठानं वाट नव्हती. उसात शिरावं लागत होतं, पाती तोंडाला कापत होती. मध्ये एक ओढा आडवा आला, त्याला लांब वळसा पडला. उसातून बाहेर यावं, तर काहील आणखी पुढं गेलेली, ऐटीत, मधूनच एक गिरकी घेत. सत्तारला भीती वाटत होतीच. पण खोटं कशाला सांगा, त्या भीतीच्याही खाली त्याला तिचा अभिमान वाटत होता. एक थेंब आत घेत नव्हती.

इकडं आनंदराव दुपारपासून पाणंदीच्या तोंडाशी टेम्पोची वाट बघून कावले होते. टेम्पो नाही, सत्तार नाही, भिमा नाही. शेवटी सत्तारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते परतले आणि हातपाय धुवायला नदीवर उतरले. त्यांच्या पत्नी भामाबाई उद्याच्या पूजेसाठी कळशी भरत होत्या.

“आवं,” भामाबाई म्हणाल्या, “त्ये काय येतंय?”

आनंदरावांनी डोळ्यांवर हात धरला. मावळतीचं पिवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं. त्या उन्हातून त्यांची काहील येत होती. एकटी. ना माणूस, ना दोर. वळणावर ती जराशी थबकली, मग जलपर्णीच्या बेटाला रेलून अलगद फिरली आणि बरोब्बर त्यांच्या मोटारीच्या पाइपाला येऊन टेकली.

आनंदरावांचे हात आपोआप जोडले गेले. भामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “नदीआईनं धाडली हो! हजार रस्ते चिखलात असू दे, तिला म्हाईत हाय कुणाची काहील कुणाच्या दारात न्यायची!” त्या घराकडे पळाल्या. कुंकू घेऊन आल्या, नारळ घेऊन आल्या. काहिलीच्या कडेला पाच बोटं ओढली, नारळ वाढवला, वाटेवरच्या माणसांना हाका मारल्या.

उसातून तिघं बाहेर पडले, तेव्हा काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि भामाबाई काहिलीला ओवाळत होत्या. तिघंही जागच्या जागी थांबले.

प्रभुदास सत्तारच्या कानाशी लागला. “काय सांगायचं?”

“काय न्हाई,” सत्तार कुजबुजला. “हात जोड.”

तिघांनी हात जोडले. पण आनंदराव आता काहिलीच्या आत वाकून बघत होते. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली. त्यांनी डबा उचलून भिमाकडे पाहिलं. चप्पल उचलून प्रभुदासच्या उघड्या पायाकडे पाहिलं. मग आणखी वाकले, काहीतरी दोन बोटांत धरलं आणि सरळ झाले.

“सत्तार, हिकडं ये. टेम्पो कुठाय?”

“आबा, टेम्पोनं दगा दिला.”

“आन् नदीआईनं काहील धाडली, आसं ही म्हणतीय. मग मला सांग, नदीआईकडं शेळ्या कवापासनं?” आनंदरावांनी लेंडी त्याच्या नाकापुढं धरली.

सगळा काठ हसून फुटला. भिमानं ते ऐकलं आणि दिवसभराचं सगळं, फिरणं, बंधारा, म्हातारी, एका दमात ओकून टाकलं. माणसं एकेका वाक्याला टाळ्या देत होती. आनंदरावांनी हसायचं नाही म्हणून दात आवळून धरले होते, पण ‘फुकट गाडी’शी येऊन त्यांचा बांध सुटला. भामाबाई तेवढ्या हलल्या नाहीत. आरतीचं ताट तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, “हसा. पर बंधाऱ्यापासनं हितवर कुणी आणली, त्ये सांगा. तुम्ही व्हता का आत?”

 सत्तारनं मान डोलावली. “वहिनी, त्ये मातर खरं.” हे तो चेष्टेनं म्हणाला की मनापासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वरखडा आलाच होता, चांगला हातभर. आनंदरावांनी तो बोटानं चाचपला, सत्तारला ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि चहा सांगितला. चहा होईपर्यंत माणसं गुऱ्हाळाकडे गेली. सत्तार अंगावरचा चिखल धुवायला परत काठावर आला, तर आनंदराव धोतर सावरत काहिलीत बसले होते. एकटेच, दोन्ही हातांनी कडेला धरून, पाण्याच्या हेलकाव्यानं हळूहळू डुलत. सत्तारला बघून ते दचकले.

“गळती हाय का बघत व्हतो.”

“बघा की,” सत्तार म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला. ही गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. रशिदाला सांगितली, पण बायकोला सांगितलेलं सांगितल्यात धरत नाहीत.

त्या हंगामात आनंदरावांच्या गुळाला रंग चांगला आला. पुढं दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यानंतर सत्तार तिथं काहील तपासायला जायचा आणि तळ वाजवून न बघता तिला सरळ पाण्यात टाकायचा. हीच खरी परीक्षा, असं तो सगळ्यांना गंभीरपणे सांगे.

अशाच एका वर्षी रशिदा म्हणाली, मलाही बसायचंय. सत्तारला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. शेख नवराबायको घरात दखनी बोलायचे, फक्त भांडण मराठीत करायचे. त्या दिवशी डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळून रशिदा काहिलीत बसली, सत्तारनं एकट्यानं कसबानं काहील मध्यावर नेली, दोन गिरक्या घेऊन दाखवल्या. ती भ्याली नाही की किंचाळली नाही. तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, आपल्या मांडीखाली ठेवलं आणि मराठीत सुरुवात केली.

“आता बसा नीट. शायनाचं बोलायचं हाय.”

 शायना बारावी झाली होती. तिला दौंडच्या कॉलेजात पुढं शिकायचं होतं. वर्षभर हा विषय निघाला, की सत्तारला एखादं वेल्डिंग आठवायचं, नाहीतर नमाजाची वेळ व्हायची, नाहीतर तो अशी काही चेष्टा करायचा, की सगळे हसायचे आणि विषय तिथंच राहायचा. पोरगी रोज एवढ्या लांब जाणार येणार, याची त्याला धास्ती होती, आणि धास्ती बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

“घरी बोलू की,” तो म्हणाला.

“घरी तुम्ही उठून जाता. हितनं जावा.”

सत्तारनं चारही बाजूंना पाहिलं. चारही बाजूंना पाणी होतं. काहील आपली संथपणे फिरत होती. त्यानं एक चेष्टा करून पाहिली. रशिदा हसली नाही. दुसरी केली, तिनं फावड्यावरचं बूड आणखी घट्ट केलं. मग तो बोलला. बसची गर्दी, थंडीत लवकर पडणारा अंधार, स्टँडवरची पोरं, सगळं एकेक करून बोलला. रशिदानं ऐकून घेतलं. ती म्हणाली, “प्रभुदासभाईंची जेसिका त्याच कॉलेजात हाय. दोघी एकाच गाडीनं जातील. त्यांनी डेपोत बोलून ठेवलंय.”

“म्हंजी सगळं आधीच ठरलंय?”

“ठरलंय. तुम्ही हो म्हणायचं राह्यलंय.”

सत्तारनं नदीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दोघांत जास्त खोडकर नक्की कोण, याचा त्याला पहिल्यांदाच हिशेब लागेना.

“बरं बाई, हो. कबूल. जाऊ दे तिला. आता दे फावडं, काठाला जाऊ.”

रशिदानं फावडं दिलं नाही. ती जराशी सावरून बसली, ओढणीचं टोक पाण्यात भिजवून तोंडावरून फिरवलं आणि म्हणाली, “एवढी घाई काय? अनिसच्या लग्नाचं राह्यलंय अजून.”